पाचव्या रांगेतली झोप

औषधांच्या दुकानदाराला झोप येत नाही, ही गोष्ट लोकांना फार आवडते. "अहो, मागे कपाटभर गोळ्या आहेत की!" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. मीही हसायचो, कारण गिऱ्हाईक होतं. मनातून मात्र एकेकाला बखोटीला धरून घरी न्यावं आणि पहाटेपर्यंत माझ्याबरोबर छताचे पोपडे मोजायला बसवावं, असं वाटायचं.

दुकान कर्वेनगरात होतं. तेव्हा तिथे निम्म्या सोसायट्या आणि निम्मी शेतं होती. दुकानात मी आणि माझा थोरला भाऊ, दादा. वडील गेल्यावर दादाने शिक्षण सोडलं, दुसऱ्याच्या दुकानात औषधं काढायची नोकरी धरली आणि मला फार्मसीला घातलं. त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट माझं आणि खरी अक्कल त्याची, असा आमचा कारभार. डॉक्टरांचं अक्षर मला भिंगातून लागायचं नाही, ते त्याला लांबून लागायचं.

पस्तिशीला माझी झोप गेली. कुठे गेली, का गेली, काही कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कसली काळजी आहे का?" म्हटलं, "आहे ना. झोप येत नाही ही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच गिळला.

मग उपाय सुरू झाले. माझ्या बायकोने कोमट दुधात जायफळ उगाळून द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन वेढे, मग चार, मग आठ. दूध इतकं कडवट झालं की एका रात्री मी अर्धं पेल्यातच ठेवलं. ते शेजाऱ्यांच्या मांजराने प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते आमच्या पायपुसण्यावरून हललं नाही. शेजारीणबाई येऊन आमच्याकडे संशयाने बघून गेल्या. मी त्या मांजराकडे इतक्या हेव्याने बघत होतो की त्यांना वेगळीच शंका आली असणार.

मग काशाची वाटी आली. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीने घासत राहायचं. तूप काळं पडलं की अंगातली उष्णता बाहेर पडली असं समजायचं. बायको पायाशी बसली. पंधरा मिनिटांत गाढ झोप लागली. तिला. वाटी हातात तशीच. मी काळ्या तळव्यांनी चादर खराब होऊ नये म्हणून पाय वर धरून तासभर पडून राहिलो.

शवासन शिकवायला एक गृहस्थ यायचे. "पायाचा अंगठा आता नाही," ते म्हणायचे, "पाऊल नाही, गुडघा नाही." मी आज्ञाधारक माणूस. सगळं एकेक करून सोडलं. शेवटी उरलं फक्त डोकं आणि त्यात गॅसचा नंबर लावला का नाही हा प्रश्न. खसखशीची खीर झाली, रात्री कच्चा कांदा झाला (त्यानंतर बायकोने उशी उलट्या दिशेला घेतली), डोक्याला ब्राह्मी तेल झालं. तेलाने उशीचे अभ्रे हिरवे झाले, बाकी सगळं जागच्या जागी.

राहिली गोळी. डॉक्टरांनी अर्धी लिहून दिली होती. पण अर्ध्यावर सुरू झालेली माणसं मी रोज काउंटरवर बघत होतो. त्यातल्या एक बाई तर जुनी चिठ्ठी इस्त्री करून आणायच्या. तरी चार रात्री घेतली. झोप आली, खोटं कशाला बोलू, पण सकाळी अकरापर्यंत डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं व्हायचं. आणि त्या चारातल्याच एका सकाळी तो घोटाळा झाला.

आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर यायचे. मी त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या जागी डायबेटिसच्या गोळ्या दिल्या. पट्ट्या सारख्याच दिसायच्या, रंगही तोच. पण हेडमास्तरांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या. घरी जाऊन त्यांनी चष्मा लावला, पट्टी वाचली आणि भर गर्दीत परत येऊन ती काउंटरवर ठेवली.

"या माझ्या नाहीत," ते म्हणाले. "जे माझं नाही ते मी घेत नाही."

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पट्टी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली, हेडमास्तरांना हात जोडले, त्यांच्या गोळ्या दिल्या. गर्दी ओसरल्यावर मला मागे बोलावलं. "त्यांनी न बघता घेतली असती आणि चक्कर येऊन जिन्यात पडले असते तर?" त्याने पट्टी माझ्या हातात ठेवली. "पुन्हा असं झालं तर दुकानाला मी कुलूप लावीन. माणूस मारून मला भाकरी खायची नाही." तो असं काही बोलला की करतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. गोळी मी त्याच दिवशी बंद केली. पण आता झोप माझ्या एकट्याची राहिली नव्हती. तिच्यावर दुकान उभं होतं.

गंमत म्हणजे मार्ग दाखवला तो हेडमास्तरांनीच. दुकान बदलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे ते येतच राहिले. माझे डोळे बघून म्हणाले, "तुमचं मन कशात गुंतत नाही, म्हणून झोप येत नाही. साडेसहाला वाचनालयात व्याख्यान आहे. चला." दादाही म्हणाला, जा. त्याला शिकायचं राहून गेलेलं, त्यामुळे व्याख्यान म्हटलं की तो हातातलं काम ठेवून मला ढकलायचा.

विषय होता पेशवाईतला पाणीपुरवठा. आम्ही पाचव्या रांगेत बसलो. वक्ते शांत, आवाज एका पट्टीतला, वर पंखा. कात्रजहून पाणी निघालं, नळ शहराच्या दिशेने यायला लागला, पहिला हौद आला एवढं मला आठवतं. त्यानंतर एकदम टाळ्या.

दीड तास! मी दीड तास झोपलो होतो, हनुवटी छातीवर, हात मांडीवर. गेल्या कित्येक महिन्यांत अशी झोप मिळाली नव्हती. डोळे स्वच्छ, डोकं हलकं. बाहेर पडताना वाचनालयाचे कार्यवाह दारात उभे होते. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. मी अगदी मनापासून म्हणालो, "फार बरं वाटलं हो. आणखी तासभर चाललं असतं तरी चाललं असतं." कार्यवाहांचे डोळे भरून आले. पुण्यात व्याख्यान ऐकून आलेला माणूस वक्त्याच्या तीन चुका सांगतो. त्यांना असा श्रोता उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

मग मी सोडतोय होय! पुण्यात रोज कुठे ना कुठे व्याख्यान असतंच. सकाळी पेपर आला की 'आजचे कार्यक्रम' आधी. हळूहळू अनुभव आला. इतिहास उत्तम, त्यातही सनावळ्या सांगणारे. अर्थशास्त्र घेतल्याबरोबर लागू पडायचं, पण दुसऱ्या दिवशी डोकं जड. स्लाइड दाखवणारे म्हणजे साक्षात देव, कारण ते दिवे घालवतात. विनोदी वक्त्यांचा मात्र मला मनस्वी राग. दर दोन मिनिटांनी सभागृह हसतं आणि माणूस दचकून जागा होतो. एका विनोदी वक्त्याच्या व्याख्यानातून मी निषेध म्हणून उठून गेलो. लोकांना वाटलं, यांची अभिरुची फार उच्च आहे.

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. संध्याकाळच्या त्या झोपेने गाडी अशी रुळावर आली की रात्रीही चार-पाच तास डोळा लागायला लागला. काउंटरवर माझ्या हातून एकही चूक नाही. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "धाकटा व्याख्यानाला गेलाय. फार नाद आहे त्याला." संध्याकाळची सगळी गर्दी तो एकटा काढायचा आणि वर मलाच विचारायचा, "आज काय ऐकलंस?" मी हेडमास्तरांकडून परतीच्या वाटेवर चार वाक्यं घेऊन ठेवलेली असायची, ती सांगायचो. तो मान डोलवायचा. मला जरा लाज वाटायची, पण झोपेपुढे तिचं फार चालायचं नाही.

हेडमास्तरांना सगळं ठाऊक होतं. मी घोरायला लागलो की ते कोपर मारायचे. पण इतरांना नव्हतं. डोळे मिटून, मान खाली घालून, दीड तास हूं की चूं न करता बसणारा माणूस म्हणजे केवढा व्यासंगी! बाहेरगावचे वक्ते म्हणे कार्यवाहांना विचारायचे, "ते पाचव्या रांगेतले गृहस्थ आलेत का?" आणि एके दिवशी वाचनालयाच्या बैठकीत माझी त्या वर्षीच्या दहा दिवसांच्या व्याख्यानमालेचा अध्यक्ष म्हणून निवड झाली. नाव कुणी सुचवलं असेल? हेडमास्तरांनी.

"अहो, असं का केलंत?" मी त्यांना रस्त्यातच गाठलं.

"झोपणारा अध्यक्ष वक्त्याला मध्ये थांबवत नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचे थांबवत होते."

मी नाही म्हणणार होतो. देवाशप्पथ म्हणणार होतो. पण दुकानात येऊन बघतो तर दादाने पेढे आणलेले. काउंटरवर पुडा उघडा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या औषधाबरोबर एक पेढा, डायबेटिसवाल्यांनासुद्धा! "आमच्या घरात अध्यक्ष झाला," तो म्हणत होता. इतका खूश मी त्याला माझ्या सर्टिफिकेटच्या दिवशीही पाहिला नव्हता. आता काय बोलणार? कपाळ माझं!

त्या आठवड्यापासून माझी झोप संपली. कुठल्याही सभागृहात गेलो की कुणीतरी दंडाला धरून पुढे न्यायचं. "अहो अध्यक्ष, तुम्ही इथे." पहिली रांग, सोफा, शेजारी आणखी कुणी मान्यवर, आणि ते दर पाच मिनिटांनी कानात बोलणार. पाचवी रांग मला बंद झाली. मग आमची व्याख्यानमाला सुरू झाली आणि मी थेट व्यासपीठावर गेलो. समोर दोनशे माणसं माझ्याकडे बघतायत. टेबलावर तांब्या-भांडं, गळ्यात हार, हारातली एक मुंगी मानेवर. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून पाहिले, तर फोटोग्राफरने फ्लॅश मारला. व्याख्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा जागेपणी ऐकली. काही फार वाईट होती.

रात्रीही गेल्या. पुन्हा छत, पुन्हा पोपडे. "झोप लागते ना रे?" दादा सकाळी विचारायचा. "मस्त," मी सांगायचो. निवडीपासून दीड महिना मी त्याच्याशी रोज खोटं बोलत होतो. चिठ्ठीवरच्या ओळी एकमेकींवर चढायच्या, तरी मी काउंटरवर उभा. त्याने पेढे वाटले होते, आता कुठल्या तोंडाने सांगू? एखादी चूक झाली की कुलूप, हे दिवसभर डोक्यात असायचं. अजून झाली नाही, अजून झाली नाही, असं म्हणत मी दिवस ढकलत होतो.

शेवटी ठरवलं. समारोपाच्या दिवशी अध्यक्षीय भाषण असतं. त्यात खरं सांगून टाकायचं. लोक चिडतील, हाकलतील, नाव टाकतील. टाकू देत! मला माझी पाचवी रांग परत मिळेल, दुकान वाचेल.

उभा राहिलो. सभागृह भरलेलं. "मित्रहो," म्हटलं, "मी गेली साडेतीन वर्षं इथे झोपायला येतो."

हशा. असा हशा त्या व्याख्यानमालेत कुणाला मिळाला नव्हता.

"मी गंभीरपणे सांगतोय. मला घरी झोप येत नाही. तुमच्या वक्त्यांमुळे येते."

टाळ्या! दुसऱ्या रांगेतले एक प्राध्यापक रुमालाने डोळे पुसत होते. आदल्या दिवशीचे वक्ते पहिल्या रांगेत होते, तेही दिलखुलास हसले, कारण हा टोला त्यांच्या आदल्या दिवशीच्या वक्त्याला आहे अशी त्यांची समजूत. "पेशव्यांचे नळ मला पहिल्या हौदापलीकडे माहीत नाहीत," मी ओरडून सांगितलं. कार्यवाह पोट धरून खुर्चीत वाकले. मला रडू यायचं बाकी राहिलं. ज्या गावात खरं बोललेलं टोमणा म्हणून घेतात, तिथे माणसाने कबुली द्यायची तरी कशी?

तेवढ्यात चिठ्ठी आली. आमच्याकडे श्रोत्यांच्या शंका चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पाठवायची पद्धत आहे. अक्षर बघूनच ओळखलं. हेडमास्तरांचं, शाईच्या पेनाचं, रेघ न चुकणारं. मी ती मनात वाचली.

"अध्यक्षमहोदय, आपण खरं बोलत आहात हे मला ठाऊक आहे. आपल्या बंधूंनाही असावं. गेला महिनाभर ते रोज दुकान बंद केल्यावर बिलबुक घेऊन सायकलवरून घरोघर जातात. आपण दिलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघतात. काल मी चहा विचारला, तर अजून सात घरं राहिली आहेत म्हणाले. ही शंका नव्हे, माहिती आहे. उत्तराची अपेक्षा नाही."

"वाचा की! मोठ्याने वाचा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी वर पाहिलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, दादा बसला होता. माझं भाषण ऐकायला त्याने दुकान लवकर बंद केलं होतं. तसं तो सणालाही करत नसे. अंगात दुकानातलाच शर्ट, पायजम्याला सायकलची क्लिप तशीच, मांडीवर बिलबुक. आणि तो झोपला होता. एवढ्या हशात, टाळ्यांत, मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता. किती दमला असेल माझा भाऊ! सकाळी आठला दुकान उघडणारा माणूस, रात्री दहा-अकरापर्यंत लोकांचे जिने चढत होता, आणि सकाळी मला विचारत होता, झोप लागते ना.

मी चिठ्ठी खिशात घातली. माइक तोंडाजवळ घेतला आणि आवाज खाली आणला. "चिठ्ठी खाजगी आहे," म्हटलं. "आता या व्याख्यानमालेतल्या नऊही व्याख्यानांचा आढावा घेऊ."

घेतला. एका पट्टीत, एकही विनोद न करता, सनावळ्यांसकट. सगळं जागेपणी ऐकलं होतं, त्यामुळे पाठ होतं. दहा मिनिटांत हसू मावळलं, वीस मिनिटांत माना खाली झाल्या. प्राध्यापकांनी रुमाल चेहऱ्यावर घेतला. कार्यवाह आधी घड्याळ दाखवत होते, मग दाखवेनासे झाले. अर्ध्या तासाने लोक चपला हातात घेऊन सटकायला लागले, आणि त्यांच्याकडे बघत मी बोटानेच खुणावत होतो, हळू, दार आपटू नका. पाऊण तास बोललो. शेवटी हात जोडून विनंती केली की कृपा करून टाळ्या वाजवू नका. उरलेल्यांनी ती ताबडतोब मानली.

सभागृह रिकामं झालं, शिपायाने पंखे बंद केले तेव्हा दादा जागा झाला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"संपलं?" त्याने विचारलं. "छान बोललास. म्हणजे सुरुवातीला तरी."

"दादा, मला झोप लागत नाही. दीड महिना झाला. मी तुझ्याशी खोटं बोललो. झोप परत येईपर्यंत मी काउंटरवर उभा राहणार नाही."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. बिलबुक काखेत मारून तो बाहेर आला आणि सायकलचं कुलूप काढायला वाकला. मी त्याच्यामागे उभा होतो. विचारायची हिंमत होत नव्हती, पण न विचारता घरी जाता येणार नव्हतं.

"किती चुका सापडल्या?"

"दोन."

मी पायरीवर टेकलो. "कुणाच्या?"

"कुणाच्या का असेनात. माझ्या हातून चूक झाली असं सांगून बदलून दिल्या," दादा म्हणाला. "अध्यक्षांच्या हातून झाली असं कसं सांगणार?"